दर उन्हाळ्यात हार्ड कोरल पांढरे पडताहेत? आधी पांढरं कोणतं ते ओळखा, मग बादली तपासा

मंडळी, जळगावात रीफ टँक, म्हणजे घरात खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायचा टँक, ठेवणारे आम्ही बोटावर मोजण्याइतके, त्यामुळे काही बिघडलं की विचारायचं कुणाला हाच मोठा प्रश्न असतो. मुंबईचे मित्र मनापासून सांगतात, पण त्यांच्याकडे एप्रिलमध्ये घाम निथळतो आणि आपल्याकडे ओठ फुटतात. हा फरक मला कळला नव्हता म्हणून माझे तीन उन्हाळे वाया गेले आणि बरेच कोरल मेले, ते दुसऱ्या कुणाचे मरू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांबलंय पण पूर्ण वाचा.

अडचण अशी की मार्चपर्यंत टँक एकदम छान, रंग छान, वाढ छान, एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुठेतरी एक पांढरा डाग दिसतो, मे मध्ये अर्धे कोरल जातात, आणि जुलैत पाऊस लागला की जे वाचलेत ते आपलेआपच सुधारतात. पुढच्या वर्षी परत तेच. शेजारच्या आजी अमळनेरच्या, त्या दर वर्षी टँकसमोर येऊन विचारायच्या, "हाई काय व्हई गये रे भाऊ?" आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. मी एवढंच म्हणायचो की आजी, ऊन फार आहे.

पण नुसतं ऊन नव्हतं. आणि तिन्ही वर्षांचं पांढरं एकच नव्हतं, ते मी एकच समजत होतो, घोळ तिथेच झाला.

माझा टँक ३ बाय दीड बाय दीड फूट, खाली सम्प (टँकला जोडलेली दुसरी टाकी), दगड-वाळू वजा करून दोन्ही मिळून खरं पाणी १८० लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशोब याच्यावर आहे. तुमच्या टँकचं खरं पाणी किती हे आधी काढा, काचेच्या मापावरून नाही, बादल्या मोजून.

आता पांढरं कोणतं. हे बघायला मी सराफ बाजारातून १० पटीचं भिंग आणलं, सोनार दागिन्याचा टाका बघतात तेच, आणि एक साधा टॉर्च. रात्री लाईट बंद झाल्यावर दोन तासांनी काचेला भिंग टेकवून बघायचं. दिवसा निळ्या लाईटमध्ये काहीच कळत नाही, सगळं चमकतं आणि आजार लपतो.

पहिलं पांढरं म्हणजे ब्लिचिंग. यात मांस जागेवर असतं, फक्त काचेसारखं पारदर्शक झालेलं असतं आणि त्यातून खालचा चुन्याचा सांगाडा पांढरा दिसतो. भिंगातून बघितलं तर पॉलिप, म्हणजे कोरलचे बारीक जीव, बाहेर आलेले दिसतात, त्यांचे टेंटॅकल (तोंडाभोवतीचे तंतू) हलताना दिसतात. म्हणजे कोरल जिवंत आहे, उपाशी आहे. कोरलच्या मांसात सूक्ष्म शेवाळ राहतं, झूझँथेली म्हणतात, तेच उजेडावर अन्न तयार करून त्याला देतं आणि रंगही बराचसा त्याचाच. पाणी तापलं किंवा उजेड अचानक वाढला की कोरल हे शेवाळ बाहेर टाकतं. समुद्रातही हेच होतं, लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ला असंच मोठं ब्लिचिंग झालं.

दुसरं पांढरं म्हणजे मांस गेलेलं. इथे नागडा सांगाडा असतो, टॉर्च मारला तर कोरड्या खडूसारखा दिसतो, एकही पॉलिप नाही, आणि जिवंत-मेलेल्याच्या मध्ये एक स्पष्ट रेघ असते. ही रेघ बुडापासून वर हळूहळू सरकत असेल, दिवसाला काही मिलिमीटर, तर ते एसटीएन (स्लो टिश्यू नेक्रोसिस, मांस हळूहळू मरणं). आणि काही तासांत अख्खं मांस उकडलेल्या टोमॅटोच्या सालीसारखं सुटत असेल तर आरटीएन (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, तेच झपाट्याने), तिथे सकाळपर्यंत थांबू नका.

तिसरं पांढरं म्हणजे जळालेली टोकं. फक्त फांद्यांची टोकं पांढरी, बाकी कोरल ठीक, आणि भिंगातून बघितलं तर टोकावर मांस नाही, कधी त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाची झाक धरायला लागलेली.

आणि चौथं पांढरं हे आजारच नाही. अॅक्रोपोराची फांदी जोरात वाढत असली की टोक फिकं पांढरंच असतं, माँटिपोराच्या ताटलीची कडा पण वाढताना पांढरी किंवा फिकी असते. यावर मांस असतं, कडा गुळगुळीत आणि ओलसर दिसते. हे बघून घाबरून लोक लाईट बदलतात, मीठ बदलतात, आणि धडधाकट कोरलला खरोखर आजारी पाडतात. मी स्वतः हे केलंय.

म्हणून कोणतं कोरल आहे ते ओळखता यायला पाहिजे, नाहीतर त्याचं नॉर्मल काय हेच कळत नाही. अॅक्रोपोराची खूण सोपी आहे, प्रत्येक फांदीच्या अगदी टोकाला एक मोठं छिद्र असतं, मधोमध, आणि बाजूने छोटी छोटी. टोकाचं ते छिद्र नसेल तर अॅक्रोपोरा नाही. माँटिपोराला टोकाचं छिद्र नसतं, छिद्रं एकदम बारीक, सुईने टोचल्यासारखी, आणि आकार ताटली, पापुद्रा किंवा बोटासारखा. पोसिलोपोराच्या फांदीवर चामखिळीसारखे उंचवटे असतात. बर्ड्सनेस्टच्या फांद्या बारीक आणि टोकं सुईसारखी. हे सगळे बारीक पॉलिपवाले, एसपीएस, पाण्याच्या आकड्यात थोडाही हेलकावा आला की पहिले हेच बोंबलतात.

मोठ्या पॉलिपवाले, एलपीएस, त्यातल्या त्यात सोशिक. हॅमरचं टेंटॅकल टोकाला टी किंवा नांगरासारखं, टॉर्च नावाच्या कोरलचं सरळ आणि टोकाला गोल मणी, फ्रॉगस्पॉनचं एका टेंटॅकलला पुन्हा बारीक गाठी फुटलेल्या. गोनिओपोरा आणि अॅल्व्हिओपोरा दिसायला जुळे भाऊ, पण एका पॉलिपचे टेंटॅकल मोजा, २४ असले तर गोनिओपोरा, १२ असले तर अॅल्व्हिओपोरा. फॅव्हिया आणि फॅव्हाइट्स मध्ये पण गोंधळ होतो, फॅव्हियाच्या प्रत्येक पॉलिपची भिंत स्वतंत्र असते, दोघांच्या मध्ये गल्ली दिसते, फॅव्हाइट्समध्ये शेजाऱ्यांची भिंत एकच, चाळीतल्या खोल्यांसारखी. आणि केशरी-पिवळं सन कोरल कुणी दिलं तर लक्षात ठेवा, त्याच्यात झूझँथेली नसतंच, त्याला लाईटने काही होत नाही, हाताने खायला घालावं लागतं, नाहीतर ते उपासमारीने मरतं आणि आपण पाण्याला दोष देत बसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण त्याबद्दल मला तळमळ आहे. आपल्या समुद्रातले सगळे हार्ड कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात, तिथे पाण्यात डोकं घातलं की हार्ड कोरल दिसतात, ते बघून या, एक तुकडाही उचलू नका. मेलेली पांढरी फांदी शोकेससाठी आणतात तीही त्याच कायद्यात येते. परदेशी फार्मवर वाढवलेले तुकडे असले तरी हार्ड कोरल सगळे सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे कागदपत्रं असल्याशिवाय घेऊ नका आणि दुकानदार म्हणतो म्हणून गप्प बसू नका, आधी वनविभागात जाऊन लेखी विचारा. हे जमत नसेल तर सॉफ्ट कोरल, झोअँथिड, मासे यांचा टँकही सुंदर होतो, आणि खाली पाण्याबद्दल जे लिहिलंय ते त्यालाही तसंच लागू आहे.

आता माझे तीन उन्हाळे.

पहिल्या वर्षी खरंच ऊन होतं. बाहेर ४४-४५, खोलीत ३६, आणि टँकचं पाणी ३२ वर गेलं. रीफला २५-२६ हवं, २७-२८ पर्यंत चालतं, ३० च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर ब्लिचिंग ठरलेलंच. हॅमर आधी फिका झाला मग दुधासारखा पांढरा, माँटिपोराची ताटली वरून पांढरी पण खालच्या सावलीतल्या बाजूला रंग शिल्लक. हे अगदी नमुनेदार ब्लिचिंग होतं. मांस होतं. मला ते माहीत नव्हतं, मी मेलं म्हणून माँटिपोरा काढून टाकला, तो वाचला असता, आजही वाईट वाटतं.

मग मी पंखे लावले. सम्पवर दोन, टँकवर एक, छोटे १२ व्होल्टचे. आणि आपल्याकडे पंखा कमालीचा काम करतो बरं का, कारण हवा कोरडी आहे, पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, माठाचं पाणी गार होतं तसंच. खोलीपेक्षा बरंच खाली, २७ वर टँक स्थिर झाला. मला वाटलं जिंकलो.

दुसऱ्या वर्षी तापमान २७, एक दिवसही वर नाही, आणि तरी एप्रिलच्या शेवटी अॅक्रोपोरा आणि बर्ड्सनेस्ट बुडापासून सोलत वर चढायला लागले. दगडांवर हिरवं शेवाळ. मी चिलरच्या किमती काढायला लागलो होतो. मग एका रविवारी सहज मोजलं की रोज पाणी किती भरतोय, तर ५ लिटर. पावसाळ्यात हेच १ लिटर होतं. ५ लिटर हा आकडा बघून मी थबकलो, पण त्यातही माझं समाधान हेच होतं की आपण आरओचंच पाणी भरतोय ना.

ते आरओ म्हणजे स्वयंपाकघरातलं. घरगुती आरओमध्ये चवीसाठी एक छोटा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) वॉल्व असतो, तो कच्च्या पाण्यातलं थोडं पाणी परत शुद्ध पाण्यात मिसळतो. पिण्यासाठी बरोबर आहे, रीफसाठी विष. आमच्या सोसायटीला एरवी वाघूर धरणाचं पाणी, उन्हाळ्यात ते दिवसाआड-दोन दिवसाआड झालं की बोअर चालू होतो. टीडीएस मीटर उसना आणला, बोअर ११००, आणि आरओच्या नळाचं २६०. आता हिशोब करा, रोज ५ लिटर, ६० दिवस, म्हणजे ३०० लिटर, गुणिले २६० मिलिग्रॅम, म्हणजे ७८ ग्रॅम क्षार मी उन्हाळ्याभरात टँकमध्ये टाकले. पाणी उडालं, क्षार कुठेच जात नाहीत, तिथेच साठले. त्यात केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) वाढवणारा बायकार्बोनेट होता आणि नायट्रेटही होता. वर लग्नाला दोन दिवस पाचोऱ्याला गेलो, १० लिटर उडालं, खारटपणा ३५ (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ) चा ३७ झाला, आल्या आल्या मी १० लिटर एकदम ओतलं. कोरलच्या दृष्टीने हे कसं असेल विचार करा.

मग वेगळं आरओ घेतलं, पुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा डबा लावला, मीटरवर शून्य येईपर्यंत समाधान नाही. ते दुखणं तिथे संपलं. पण शून्य पाण्यात कॅल्शियम नाही, केएच नाही, आणि हार्ड कोरल सांगाडा बांधायला दोन्ही रोज खातात. म्हणून मी चुन्याची निवळी चालू केली. परदेशात काल्कवासर म्हणतात, ती आपली चुन्याची निवळीच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळून वरचं स्वच्छ पाणी. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय काय असेल सांगता येत नाही, लॅबमधला शुद्ध घ्या. मी टॉप-ऑफच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी भरायच्या पाण्याच्या, बादलीतच लिटरला अर्धा ग्रॅम टाकत होतो. जुलै ते फेब्रुवारी इतकी सुंदर वाढ झाली की काय सांगू, केएच ८.२ ते ८.४ मध्ये खिळा ठोकल्यासारखा.

तिसरा उन्हाळा. पाणी शून्य टीडीएस, तापमान २७, खारटपणा ३५, तरी एप्रिलमध्ये अॅक्रोपोराची टोकं जळाली. एका रविवारी केएच ८.४ होता, पुढच्या रविवारी टेस्टची बाटली घेतली, थेंब मोजायला लागलो, निळ्याचा पिवळा व्हायचा तो होईचना. नऊ, दहा, अकरा, बारा थेंब, तेव्हा कुठे रंग फिरला. १२.१. मला वाटलं किट खराब झालं, परत केलं, तेच.

त्या संध्याकाळी रावेरहून मामा आले होते. मामांची केळी आहे, सगळी ड्रिपवर. त्यांना टँकमधलं काही कळत नाही पण पाण्यातलं सगळं कळतं. मी थेंब मोजत होतो ते बघत होते, मग विचारलं, "पाणी किती उडतं रोज?" म्हटलं उन्हाळ्यात ५ लिटर, एरवी १. "आणि खत कुठे घालतो?" म्हटलं त्याच बादलीत. मामा म्हणाले, "अरे भाचा, मे मध्ये आपण बागेला पाणी वाढवतो, पण पाणी वाढलं म्हणून खत वाढवतो का? खताची टाकी वेगळी असते ना बाबा. झाड जेवढं खातं तेवढंच खत. पाणी उन्हाच्या मापाने, खत झाडाच्या मापाने."

मी तिथेच कागद घेऊन बसलो. लिटरला अर्धा ग्रॅमच्या निवळीचा केएच साधारण ३८ येतो. पावसाळ्यात १ लिटर गेली की १८० लिटरमध्ये रोज ०.२ वाढ, कोरल तेवढंच खात होते, म्हणून खिळा ठोकल्यासारखा आकडा. मे मध्ये ५ लिटर गेली की रोज १ पेक्षा जास्त. कोरलची भूक तेवढीच, ताट पाचपट. आणि टोकं जळाली की कोरल खाणं कमी करतं, मग केएच अजूनच चढतो, मग अजून जळतं.

म्हणजे तीन वर्षं तीन वेगळे आजार, पहिल्याचं औषध पंखा, पंख्याने पाणी उडालं, उडालेल्या पाण्याच्या जागी जे भरलं त्याने दुसरा आजार, ते पाणी सुधारलं तर त्यात मिसळलेल्या चुन्याने तिसरा. बाष्पीभवन हे आपल्याकडचं मूळ आहे. दमट हवेच्या गावात पाणी एवढं उडतच नाही, म्हणून तिथल्या लोकांना बादलीत निवळी टाकूनही काही होत नाही, आणि ते खोटं सांगत नसतात.

आता मी काय करतो. टॉप-ऑफ म्हणजे निव्वळ शून्य टीडीएस पाणी, दुसरं काही नाही. सम्पला फ्लोट वॉल्व बसवलाय, कूलरच्या दुकानात मिळतो तसाच, पण पूर्ण प्लास्टिकचा बघून घ्या, पितळी दांडीचा नको, पितळेत तांबं असतं आणि तांबं कोरलला मारतं. वरची टाकी मुद्दाम १५ लिटरचीच ठेवलीय, वॉल्व अडकून सगळी रिकामी झाली तरी खारटपणा ३५ चा ३२ च्या आसपास येईल, वाईट पण जीवघेणं नाही. ५० लिटरचा ड्रम जोडला आणि अडकला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

निवळी वेगळी, रात्री, थेंबथेंब. यासाठी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, २० थेंबांना १ मिली वाला. बाटलीत लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम चुना, तेवढाच विरघळतो, बाकी तळाला बसतो, तळ हलवायचा नाही, वरचं नितळ तेवढंच घ्यायचं. झाकण लावून ठेवायची, उघडी राहिली की वर दुधासारखी साय धरते, ती साय म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वाया घालवलेला चुना. मिनिटाला २० थेंब लावले की ८ तासांत साधारण अर्धा लिटर जातं, माझ्या १८० लिटरला त्याने केएच ०.३ च्या आसपास वाढतो, आणि माझे कोरल सध्या रोज तेवढंच खातात. तुमचं वेगळं असेल, मोजा. मोजायचं असं की डोस पूर्ण बंद करताना एकदा आणि बरोबर दोन दिवसांनी त्याच वेळी परत केएच टेस्ट करायची, जेवढा उतरला त्याचा निम्मा म्हणजे रोजची भूक. निवळी डोळ्यात-हातावर जाऊ देऊ नका, भाजते, घरात लहान मुलं असतील तर बाटली उंच ठेवा.

माझे आकडे देतो, खारटपणा ३५, केएच ८ ते ८.५, आणि पुढचे लिटरला मिलिग्रॅममध्ये, कॅल्शियम ४२० च्या आसपास, मॅग्नेशियम १३००, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५. यातला एखादा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतं, केएच ७.५ असला तरी चालतं, पण रोज तोच पाहिजे. दिवसाला अर्ध्याच्या वर हलू देऊ नका, वरही नाही खालीही नाही. नायट्रेट-फॉस्फेट शून्य करायच्या मागे लागू नका, शून्यावर केएच थोडा जरी चढला तरी टोकं आधी जळतात. मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम आपल्याकडे खताच्या दुकानात पोत्याने मिळतं, स्वस्त आहे म्हणून मोह होतो, पण टँकमध्ये ते नको, त्यात दुसरे धातू किती हे कळायला मार्ग नाही. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावा.

पांढरं दिसलं त्या दिवशी काय करायचं, तर ब्लिचिंग असेल तर लाईट निम्मा करा, तापमान दिवसाला एखाद डिग्रीने उतरवा, बर्फाचे डबे टाकून एका तासात ५ डिग्री उतरवू नका, आणि रात्री पॉलिप बाहेर आले की बारीक खाणं द्या. रंग परत यायला आठवडे, कधी महिने लागतात, तोवर फेकू नका. बुडापासून सोलत असेल तर जिवंत भागात रेघेच्या एक सेंटीमीटर वरून फांदी कापा, जेल फेविक्विकसारख्या सायनोअॅक्रिलेटने नव्या दगडावर चिकटवा, कापताना जीव वर-खाली होतो पण नाही कापलं तर सगळंच जातं. टोकं जळाली असतील तर कापू नका, डोस थांबवा, केएच आपोआप उतरू द्या, व्हिनेगर-बिनेगर घालून जबरदस्ती उतरवू नका, टोक स्वतःहून बंद होतं आणि बाजूने नवी वाढ फुटते.

हॅमर-टॉर्चवर तपकिरी चिकट जेलीसारखं काही दिसलं तर हे पांढऱ्यापेक्षा वाईट, पंप बंद करा म्हणजे ती जेली बाकीच्यांवर उडणार नाही, सायफनने ओढून घ्या आणि ते डोकं वेगळं काढा. आणि पाण्याचे सगळे आकडे बरोबर असूनही अॅक्रोपोरावर गोल गोल चावल्यासारखे फिके ठिपके असतील किंवा माँटिपोरा कडेच्या खालच्या बाजूने पांढरा होत असेल तर भिंग घ्या, चपटे किडे किंवा पांढरे न्यूडिब्रांक (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी) असू शकतात. डिपने, म्हणजे कोरल औषधाच्या पाण्यात बुडवून काढल्याने, किडे मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याला एक असं पाच-सहा आठवडे परत परत डिप करावं लागतं, आणि अंडी दिसली तर ब्लेडने खरवडून काढा.

पंख्याबद्दल दोन गोष्टी राहिल्या. टँकच्या खोलीत कूलर लावून दारं बंद केली तर खोलीची हवा ओली होते आणि टँकचा पंखा काम करेनासा होतो, मग कूलर चालू असूनही पाणी तापतं आणि माणूस चक्रावतो, खिडकी उघडी ठेवा. हेच जुलै-ऑगस्टमध्ये होतं, बाहेर ३० असलं तरी हवा दमट, माझा टँक मे पेक्षा ऑगस्टमध्ये जास्त तापला होता, २९.५. तेव्हा लाईटचे तास कमी करतो. लाईट गेली तर बॅटरीवर आधी पाणी हलवणारा एक छोटा डीसी पॉवरहेड चालला पाहिजे, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो, ट्रान्सफॉर्मर जळाला की दुपारभर वाट बघावी लागते हे आपल्याला माहीतच आहे. थंडीत उलटं, धुळ्या-जळगावात पारा १० च्या खाली जातो, तेव्हा एक मोठा हीटर ठेवण्यापेक्षा दोन छोटे ठेवा, एक अडकला तरी टँक शिजत नाही किंवा गोठत नाही.

मागच्या उन्हाळ्यात, म्हणजे चौथ्या, एकही कोरल गेलं नाही. केएच सगळ्यात जास्त ८.६ आणि सगळ्यात कमी ८.० होता, रोजचे आकडे वहीत आहेत. आजींनी विचारलं नाही, नुसत्या बसून बघत होत्या.

कुणाला अडलं असेल तर मला जरूर विचारा, फक्त फोटो पांढऱ्या लाईटमध्ये काढा, निळी बंद करून, एक जवळून आणि एक अख्ख्या टँकचा. आणि सोबत टँकचं खरं पाणी किती, रोज किती लिटर उडतं, त्या जागी कोणतं पाणी भरता, त्याचा आज मोजलेला टीडीएस किती, आणि केएच आजचा आणि आठवड्यापूर्वीचा, हे लिहा. टीडीएस दुकानदाराने सांगितलेला नको, स्वतः मोजलेला.